काळात विखुरलेला आजार

इ. स. १९८४ ची नरकचतुर्दशी. इंदूरच्या रामबागेतील आमच्या वाड्यात पहाटेची अभ्यंगस्नाने चालली होती. आमची मावसबहीण, जिला आम्ही सारे ताई म्हणत असू, बंबातले कढत पाणी अंगावर घेऊन न्हाऊन आली आणि न्हाणीघराची चौकट धरून तशीच उभी राहिली. उजव्या डोळ्यापुढे धुके आले होते आणि पायांत त्राण उरले नव्हते. तिला तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष होते; एका शाळेत ती गणित शिकवीत असे. तासाभराने सर्व पूर्ववत झाले. डोक्यात तेल बाधले असा निवाडा आजीने दिला आणि मंडळी फराळाला बसली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ताईच्या त्याच डोळ्याची दृष्टी तीन आठवडे मंद होऊन आपोआप परत आली होती. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे त्या दिवशी कोणाच्याही मनात आले नाही. तो संबंध जुळण्यास पुढे पाच वर्षे लागली.

या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. पक्षाघात, आकडी, कंपवात, अर्धशिशी यांना आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या वापरातले शब्द आहेत, याला नाही. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे एक आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून या आवरणावर हल्ला करते. जेथे ते झडते तेथे संदेशवहन मंदावते किंवा थांबते, आणि मागे राहतो एक घट्ट, निबर चट्टा. चट्टा कोठे पडेल याचा नेम नाही. दृष्टीच्या तंतूंवर पडला तर डोळा अंधारतो, मज्जारज्जूवर पडला तर कमरेखाली बधिरता येते, लघवीचा ताबा सुटतो. पुष्कळदा काही आठवड्यांत सूज ओसरते व रोगी बरा झाल्यासारखा दिसतो. मग महिन्यांनी वा वर्षांनी दुसरीकडे तेच. रोग विशीतिशीत सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो.

आम्ही वैद्यकाचे विद्यार्थी नव्हे. अडतीस वर्षे राज्य शासनाच्या नस्त्या हाताळल्या, एवढीच आमची पात्रता. परंतु ताईच्या निमित्ताने या आजाराच्या उपचारांचा इतिहास वाचीत गेलो, आणि तो आम्हांस फार ओळखीचा वाटला. ज्याची मागची नोंद पुढच्या अधिकाऱ्यासमोर येत नाही ते प्रकरण सुटत नाही, हे सरकारी कचेरीतले जुनेच सत्य येथे माणसाच्या देहावर लिहिलेले आहे.

एखाद्या रुग्णाने हा आजार स्वतः लिहून ठेवल्याचे जुन्यातले जुने तपशीलवार उदाहरण एका राजपौत्राचे. ऑगस्टस देस्ते हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू, जन्म १७९४ चा. त्याच्या आईबापांचा विवाह राजघराण्याच्या कायद्याने रद्दबातल ठरल्यामुळे त्याला राजपद नव्हते. डिसेंबर १८२२ मध्ये तो एका वडीलधाऱ्या आप्ताला भेटण्यास स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेला, तो त्या गृहस्थाचे निधन झालेले. अंत्यविधीनंतर लगेच त्याची दृष्टी इतकी मंदावली, की पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही काळाने डोळे आपोआप सुधारले. १८२७ मध्ये फ्लॉरेन्सला असताना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, पाय निकामी होऊ लागले. एका डॉक्टराने पित्ताचा दोष ठरवून कपाळाच्या बाजूंना जळवा लावल्या. दुसऱ्याने दिवसातून दोनदा गोमांस आणि त्यासोबत मद्य सांगितले. चोळणे, स्नाने, घोडेस्वारी, सर्व करून झाले. १८४८ मध्ये तो वारला तेव्हा कित्येक वर्षांचा अपंग होता. त्याची रोजनिशी शंभर वर्षांनी, १९४० च्या दशकात प्रकाशात आली आणि आधुनिक डॉक्टरांनी ती वाचून क्षणात रोग ओळखला. त्याच्या हयातीत पैशाची वा डॉक्टरांची वाण नव्हती. पण त्याला तपासणाऱ्या प्रत्येकाने त्या त्या वर्षीचा एक तुकडा पाहिला. सगळे तुकडे केवळ त्याच्या रोजनिशीत एकत्र होते, आणि ती कोणी मागितली नाही.

शवविच्छेदनात चट्टे दिसू लागले होते ते याच काळात. रॉबर्ट कार्सवेल या स्कॉटिश आणि झां क्रूव्हेय्ये या फ्रेंच शरीरविकृतिशास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात त्यांची रंगीत चित्रे छापली. परंतु मेलेल्या माणसाच्या मज्जारज्जूवरील चट्टा आणि जिवंतपणी त्याचा थरथरणारा हात यांची गाठ घालून द्यावयास एक विशिष्ट जागा हवी होती. ती होती पॅरिसचे साल्पेत्रिएर.

मुळात हा बंदुकीच्या दारूचा, शोऱ्याचा कारखाना. सतराव्या शतकात त्याचे रूपांतर निराधार स्त्रियांच्या अनाथालयात झाले. झां-मार्तें शार्को १८६२ मध्ये तेथे वैद्य म्हणून रुजू झाला तेव्हा तेथे हजारो स्त्रिया होत्या: वृद्ध, वेड्या, अपंग, आकडी येणाऱ्या. महत्त्वाकांक्षी डॉक्टर अशा ठिकाणी बदली झाली तर नाक मुरडीत. शार्कोने मात्र ओळखले, की येथे आलेली बाई परत जात नाही. तिला आज तपासता येते, पाच वर्षांनी तपासता येते, आणि अखेरीस विच्छेदनमेजावरही तपासता येते. या व्यवस्थेतील निर्दयता आम्ही झाकू इच्छीत नाही. त्या स्त्रियांना कोणी विचारले नव्हते. तथापि त्या सलग निरीक्षणातूनच शार्को व त्याचा सहकारी व्ह्यूल्पियां यांनी कंपवाताचा कंप आणि हा कंप यांत भेद केला. कंपवाताच्या रोग्याचा हात स्वस्थ असताना हलतो. या रोग्याचा पेला उचलू जाता हलतो. १८६८ च्या व्याख्यानांत शार्कोने रोगाचे स्वतंत्र रूप मांडले आणि त्यास 'चकत्यांचे काठिण्य' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. त्याच्या घरी एक मोलकरीण होती, तिच्या हातून बश्या फुटत, आणि ती नेमक्या कोणत्या रोगाने थरथरते हे त्यालाही तिच्या मरणोत्तर तपासणीतच कळले, अशी कथा सांगतात. उपचार म्हणून त्याने सिल्व्हर नायट्रेट, कुचल्याचे सत्त्व इत्यादी देऊन पाहिले. गुण आला नाही आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले.

याच साल्पेत्रिएरमध्ये शार्कोने हिस्टेरियाचाही अभ्यास केला आणि त्याची जाहीर प्रात्यक्षिके केली. एकाच छताखाली निघालेली ही दोन निदाने पुढे शंभर वर्षे एकमेकींत मिसळत राहिली. तरुण बाई, आज पाय चालत नाहीत म्हणते, महिन्याने चालते: मनाचेच असणार. १९८६ साली ताईला कमरेखाली मुंग्या व बधिरता आली, तेव्हा आमच्या शहरातील एका डॉक्टरांनी हेच सांगितले आणि लग्न उरकून टाकण्याचा सल्ला दिला. स्थळे पाहणे सुरूही झाले. बधिरता ओसरली तेव्हा डॉक्टरांचे बरोबर होते असे सर्वांस वाटले. त्या 'सर्वां'त आम्हीही होतो.

लंडनमधील क्वीन स्क्वेअरचे रुग्णालय १८५९ चे. जोहाना चँडलर आणि तिची भावंडे यांना पक्षाघात झालेल्या आजीची शुश्रूषा करताना कळून आले, की अशा रोग्यांना साधी रुग्णालये ठेवून घेत नाहीत. त्यांनी वर्गणी जमवून पक्षाघात व अपस्माराच्या रोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढले. पुढे जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट तेथे शिकून गेले, त्यांत भारतीयही होते. मज्जाविकारांची खास सेवा ही कल्पना अशी एका घरच्या आजारपणातून निघाली, हे आमच्या वाचक भगिनींनी आवर्जून लक्षात घ्यावे.

दुसरे असेच घर न्यूयॉर्कचे. सिल्व्हिया लॉरी हिच्या भावाला हा आजार होता. १ मे १९४५ रोजी तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छोटी जाहिरात दिली: या रोगातून बरे झालेले कोणी असल्यास संपर्क साधावा. पन्नासांहून अधिक उत्तरे आली. त्यांतील बहुतेक तिच्यासारख्याच हताश कुटुंबांची, कोणी बरे झालेले सापडले तर आम्हांलाही कळवा, अशी. तिने १९४६ मध्ये संस्था स्थापन केली, पुढे १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघही उभा केला. मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली ती १९८५ साली. म्हणजे आमच्या ताईचा रोग सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तिच्यासाठी एक दार उघडले होते, फक्त ते आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

निदानाची गुरुकिल्ली डॉक्टरांनी दोन शब्दांत सांगितली आहे: जागेत विखुरलेपण आणि काळात विखुरलेपण. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी. पैकी जागा तपासणीत कळू शकते. काळ कसा कळावा? त्याला रोग्याची स्मृती तरी हवी किंवा डॉक्टरची नोंद. मज्जारज्जूतील पाण्याची तपासणी, दृष्टितंतूंवरून संदेश किती उशिरा पोहोचतो याचे १९७२ पासूनचे मापन, ही साधने उपयोगी पडली. कढत पाण्यात बसवून लक्षणे उमटतात का हे पाहण्याची चाचणीही काही दशके चालू होती. उष्णतेने झिजलेल्या आवरणातून संदेश जाणे आणखी कठीण होते. आमच्या न्हाणीघरात नरकचतुर्दशीला तीच चाचणी अजाणता झाली होती.

मोठा पालट झाला तो १९८१ मध्ये. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात दहा रुग्णांच्या मेंदूचे चित्रण नव्या चुंबकीय यंत्राने, म्हणजे आजच्या एम.आर.आय.ने करण्यात आले. सी.टी. स्कॅनमध्ये १९ चट्टे दिसले होते. नव्या यंत्रात त्याखेरीज आणखी ११२. रोगी मी बरा आहे म्हणत असता आत चट्टे पडतच असतात, हे त्यानंतरच्या वारंवार चित्रणांनी उघड झाले. २००१ मध्ये इयन मॅक्डोनाल्ड यांच्या नेतृत्वाखाली निदानाचे जे निकष ठरले, त्यांत दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता चित्रावरून काळाचा पुरावा घेण्यास मुभा मिळाली. निकष पुढे वेळोवेळी सुधारले गेले. पूर्वी ज्याला वर्षे लागत ते आता पुष्कळदा काही आठवड्यांत होते.

आता भारताकडे वळू. आपल्याकडे हा रोग नाहीच, तो थंड देशांतल्या गोऱ्यांचा, असे दीर्घकाळ मानले जाई. पण पाहणारा डोळाच नसेल तर रोग दिसणार कोठून? वेलोरला जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये मज्जाशल्यचिकित्सेचा विभाग काढला, १९५१ मध्ये मद्रासला न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. लंडनला शिकलेले डॉ. नोशीर वाडिया यांनी १९५७ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचे काम सुरू केले, के. ई. एम.मध्ये डॉ. एडी भरूचा होते. या पिढीने नोंदी ठेवल्या, आणि नोंदी ठेवताच रोग दिसू लागला. डॉ. भीम सिंघल व डॉ. वाडिया यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातील रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे पारशी समाजाची पाहणी झाली. १९८८ व १९९० च्या शोधनिबंधांनी त्या समाजात लाखामागे वीसहून अधिक रुग्ण असल्याचे दाखविले, जेव्हा एकूण भारतीयांबद्दलचा त्या काळचा अंदाज लाखाला एकाच्या आसपास होता. हजार वर्षांहून आधी इराणातून आलेल्या लोकांच्या रक्तात काहीतरी टिकून राहिले होते. त्यानंतर २०१४ मध्ये मंगळूर शहरातील पाहणीचे निष्कर्ष आले. तो आकडा लाखाला आठच्या वर होता. रोग वाढला की डोळा सुधारला? दोन्हींचा वाटा असावा. दुसऱ्याचा मोठा, असे आमचे मत.

आपल्यासारख्या, पिढ्यांपूर्वी घर सोडून दूर स्थायिक झालेल्या कुळांना आणखी एक गोष्ट विचारात पाडील. इंग्लंडमध्ये जाऊन राहिलेल्या भारतीय उपखंडातील लोकांत हा रोग विरळच राहिला; परंतु तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो इंग्रज मुलांच्या प्रमाणाजवळ गेला, असे १९९० च्या एका अभ्यासात आढळले. आपण वंश सोबत नेतो, हवा सोबत नेता येत नाही. ऊन, ड जीवनसत्त्व, धूम्रपान अशी कारणे चर्चिली गेली आहेत. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून दिसले, की एप्स्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर या रोगाचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. तो विषाणू बहुतेक सर्वांना कधी ना कधी होऊन जातो, मग रोग थोड्यांनाच का, हे कोडे शिल्लकच आहे.

भारतातील तज्ज्ञाला एक निराळी खबरदारी घ्यावी लागते. देव्हीक या फ्रेंच वैद्याने १८९४ मध्ये वर्णिलेला, डोळे व मज्जारज्जू यांवरच प्रामुख्याने घाला घालणारा एक सख्खा वाटणारा आजार आहे. तो वेगळाच रोग असल्याचे २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातील एका प्रतिद्रव्यावरून सिद्ध केले. आशियाई लोकांत त्याचे तुलनात्मक प्रमाण अधिक. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे इंटरफेरॉन त्याला दिले तर तो बळावू शकतो. तेव्हा चित्रातील पांढरे ठिपके पाहून नाव देण्याने भागत नाही. ते ठिपके वाचणारा माणूस हवा. आज आमच्या शहरात एम.आर.आय. यंत्रांना तोटा नाही, वाचणाऱ्यांची वाण अजून आहे.

औषधांचे थोडक्यात सांगतो. झटका आल्यावर स्टेरॉइड देऊन तो आवरता घेणे एवढेच पूर्वी हाती होते. झटके कमी करणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले. मागणी इतकी, की चिठ्ठ्या टाकून वाटावे लागले. पुढे गोळ्या आल्या, मग २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब आले. लवकर सुरू केले तर यांनी पुष्कळ फरक पडतो. झडलेले मायलिन परत आणील असे सिद्ध झालेले औषध मात्र अद्याप नाही. आणि औषधाखेरीजचे जे काम, म्हणजे व्यायाम, मूत्राशयाची निगा, थकव्याचे नियोजन, ते तितकेच मोठे आहे. पूर्वी या रोग्यांचे बळी बहुधा मूत्रसंसर्ग आणि शय्याव्रण घेत. ताईने मूत्राशयाचा त्रास चार वर्षे आपल्या आईलाही सांगितला नव्हता.

१९८९ मध्ये आम्ही तिला रात्रीच्या गाडीने मुंबईस नेले. ज्यांच्याकडे गेलो ते न्यूरॉलॉजिस्ट वरील पिढीच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी पाय तपासले, आणि मग विचारले, "यापूर्वी कधी एखादा डोळा अंधुक झाला होता का? काही आठवडे, आणि मग आपोआप बरा?" ताई पाच वर्षांपूर्वीचे ते विसरली होती. आठवले ते आम्हांला. डॉक्टरांनी एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड काढून पहिली नोंद १९८९ ची न करता १९८४ ची केली: मे, उजवा डोळा. दुसरी त्याच वर्षीच्या दिवाळीची, कढत पाण्याची. स्थळे पाहणे थांबले. तो ताईचाच निर्णय होता. ती पुढे वर्षातून एकदा मुंबईस जाऊ लागली.

आता आमच्या स्वतःच्या नोंदीकडे येणे भाग आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. चलनवलनाचे अपंगत्व म्हणजे हाडे, सांधे वा स्नायू यांचे, अशी त्यात व्याख्या. मज्जातंतूंचे नाव नाही. १९९८ मध्ये माळव्यातील एका जिल्ह्यात आम्ही नियुक्त असताना एका तरुण शिक्षकाचे प्रकरण समोर आले. मल्टिपल स्क्लेरोसिसचे कागद त्याने जोडले होते. वैद्यकीय मंडळापुढे तपासणीच्या दिवशी तो स्वतः चालत आला, कारण ते दिवस त्याचे बरे होते. चाळीस टक्के भरले नाहीत. टीप अर्थातच हिंदीत होती. मराठीत सांगायचे तर, अर्जदारात कायम अपंगत्व आढळून येत नाही, प्रकरण नस्तीबद्ध करावे. त्याखाली सही आमची आहे. तो रोग काय असतो हे त्या कचेरीत फक्त आम्हांस ठाऊक होते. नियमात रकाना नव्हता, हे खरे. परंतु शेरा लिहून प्रकरण वर पाठविता आले असते, हेही खरे. वर्षाअखेर तो शिक्षक काठी घेऊन पुन्हा आला होता असे आम्हांस नंतर कळले. आमची तोवर बदली झाली होती.

अपंगत्वाचे मोजमाप कसे करावे याचे उत्तर वैद्यकाने फार आधी शोधले होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करणारे जॉन कुर्ट्झके यांनी क्षयावरील एक औषध या रोगावर चालते का हे पाहण्यासाठी १९५५ मध्ये शून्य ते दहा अशी श्रेणी तयार केली. औषध निरुपयोगी ठरले, श्रेणी टिकली. १९८३ मध्ये तिला अर्ध्या पायऱ्या जोडल्या गेल्या. सहावी पायरी म्हणजे शंभर मीटर चालण्यास एका बाजूस काठी लागणे. महत्त्व एका आकड्याला नाही, यंदाचा आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवण्याला आहे. आमच्या प्रमाणपत्रात अशी शेजारची जागाच नव्हती.

२०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे; मायलिनच्या आवरणाचीही व्याख्या अनुसूचीत छापली आहे. ती वाचून आम्ही राजपत्र काही वेळ तसेच उघडे ठेवले. मात्र शासकीय नोकरीतील चार टक्के आरक्षणासाठी ज्या गटांची नावे चौतिसाव्या कलमात आहेत, त्यांत हा आजार नाही. यादीत आहे, वाट्यात नाही. नियमांचे कागद वाचण्याची सवय असलेल्या निवृत्त मंडळींनी हे कलम एकदा डोळ्यांखालून घालावे आणि लिहिता येईल तेथे लिहावे.

२०१८ मध्ये आम्ही ताईला चाकांच्या खुर्चीतून मंडळापुढे नेले. मुंबईचे डॉक्टर २०११ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी ते कार्ड तिच्या स्वाधीन केले होते. बावीस वर्षांच्या नोंदी, दोन रंगांची शाई, प्रत्येक भेटीपुढे कुर्ट्झकेचा आकडा. मंडळावर एक तरुण न्यूरॉलॉजिस्ट होते. त्यांनी एम.आर.आय.ची फिल्म उजेडासमोर धरली आणि लगेच खाली ठेवली. मग ते कार्ड उघडून पहिल्या ओळीपासून वाचू लागले. बाहेर रांग होती, शिपाई दोनदा डोकावून गेला. वाचून झाल्यावर ते ताईला म्हणाले, "माँजी, इसकी फोटो ले लूँ? अपने छात्रों को दिखाऊँगा." ताईने कार्ड त्यांच्यापुढे सरळ करून धरले.